चुकलेल्या संख्येचा शोध : थिओडोर बोव्हेरी

माझ्या मावसभावाच्या एका जुन्या रिपोर्टवर ४७ हा आकडा आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, याच्या पेशींत एक जास्त आहे. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. याला डाउन सिंड्रोम म्हणतात. तो आता १७ वर्षांचा आहे, संध्याकाळच्या रोझरीला सगळ्यांच्या आधी येऊन बसतो आणि कॅरममध्ये मला हरवतो. त्या आकड्याचं त्याला काही नाही. मावशीला मात्र आहे. दिवस राहिलेले असताना तिनं तापासाठी काही गोळ्या घेतल्या होत्या. त्या गोळ्यांमुळेच हे झालं का, हा प्रश्न ती इतकी वर्षं डॉक्टरांना, फादरना आणि आता मलाही विचारत आली आहे.

मी साहित्याची विद्यार्थिनी. मला काय कळणार? तरी झूलॉजीच्या मैत्रिणीकडून पुस्तकं आणली. त्यांत गुणसूत्रांची संख्या बिघडवणारी रसायनं प्रयोगशाळेत कशी ओळखतात, याचं एक प्रकरण होतं. त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक नाव भेटलं, थिओडोर बोव्हेरी. मग प्रकरण बाजूला राहिलं आणि मी त्या माणसाच्याच मागे लागले. त्यांचं आयुष्य इथे सांगते, कारण मावशीच्या प्रश्नाची वाट त्यांच्या टेबलावरून जाते.

बोव्हेरींचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, बांबर्ग या गावी झाला. वडील डॉक्टर. चार भावांत थिओडोर दुसरे. धाकटे वॉल्टर इंजिनिअर झाले आणि १८९१ साली त्यांनी चार्ल्स ब्राऊन यांच्याबरोबर स्वित्झर्लंडमध्ये विजेच्या यंत्रांची कंपनी काढली. आज ए.बी.बी. या नावात जो शेवटचा बी आहे, तो या बोव्हेरी घराण्याचा. थिओडोर यांना चित्रकला आणि संगीत या दोन्हींची ओढ होती. १८८१ साली ते म्युनिक विद्यापीठात गेले ते इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायला! आपल्या आर्ट्सवाल्यांना हे वाचून जरा बरं वाटेल. पण थोड्याच काळात ते शरीरशास्त्राकडे वळले आणि १८८५ साली मज्जातंतूंवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते म्युनिकमध्येच रिचर्ड हर्टविग यांच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांना आयुष्यभराचा विषय मिळाला. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा आत नेमकं काय घडतं?

त्या काळी पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की विभाजनाच्या वेळी केंद्रकात दोऱ्याचे तुकडे असावेत तशा कांड्या दिसायच्या. विभाजन संपलं की त्या दिसेनाशा व्हायच्या. त्यांना क्रोमोसोम हे नावसुद्धा १८८८ साली मिळालं. दिसेनाशा झालेल्या कांड्या विरघळून जातात आणि पुढच्या वेळी नव्यानं बनतात, असं पुष्कळांना वाटे. बोव्हेरींना ते पटत नव्हतं. त्यांनी घोड्याच्या आतड्यात राहणारा एक जंत निवडला. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण निवड हुशारीची होती. या जंताच्या एका प्रकारात गुणसूत्रं फक्त चार असतात आणि दुसऱ्यात तर दोनच! पंचवीस-तीस कांड्यांच्या गुंत्यात हरवण्यापेक्षा दोन-चार कांड्यांवर नजर ठेवणं सोपं. बारकाईनं पाहून, सुंदर चित्रं काढून बोव्हेरींनी दाखवलं की गुणसूत्रं नाहीशी होत नाहीत. ती जिथे आणि ज्या ठेवणीत मिटतात, तिथूनच आणि त्याच ठेवणीत पुन्हा उघडतात. प्रत्येक गुणसूत्राला स्वतःची ओळख असते.

विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी कोण करतं, हेही त्यांनी पाहिलं. पेशीत दोन बाजूंना दोन बारीक ठिपके असतात. तिथून नाजूक तंतू निघतात, गुणसूत्रांना पकडतात आणि रस्सीखेचीसारखे दोन बाजूंना ओढतात. त्या ठिपक्याला सेंट्रोसोम हे नाव बोव्हेरींनीच दिलं. दोन्ही बाजूंचं ओढणं बरोबर जमलं तर दोन्ही पेशींना सारखा वाटा मिळतो. नाही जमलं तर? हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

१८९३ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठात दोन वर्षांनी राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि या दोन माणसांची मैत्री जन्मभर टिकली. पण बोव्हेरींची तब्येत मात्र तरुणपणापासून नाजूक होती. शरीर आणि मन दोन्ही खचून टाकणारी आजारपणं येत, महिने वाया जात, मग पुन्हा काम सुरू. त्यांचं चरित्र वाचताना हे सारखं जाणवतं. एवढं मोठं काम त्यांनी आजारपणाच्या मधल्या फटींत केलं आहे.

१८९६ साली त्यांच्याकडे अमेरिकेहून एक पाहुणी संशोधक आली. मार्सेला ओ'ग्रेडी. बोस्टनच्या आयरिश कुटुंबातली, एम.आय.टी.तून जीवशास्त्राची पदवी घेतलेली पहिली स्त्री, आणि तोवर व्हासार कॉलेजात प्राध्यापक. त्या काळी जर्मन विद्यापीठात बाईनं प्रयोगशाळेत बसणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. १९०० साली त्यांना मुलगी झाली, मार्गरेट. ती पुढे जर्मनीतली नावाजलेली पत्रकार झाली. मार्सेला नुसत्या प्राध्यापकांच्या पत्नी म्हणून राहिल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाच्या कामात त्या बरोबरीनं होत्या आणि १९०३ साली पेशीविभाजनावर त्यांचा स्वतःचा निबंधही छापून आला.

आता मुख्य प्रयोगाकडे येते. नेपल्स शहरात समुद्रकिनाऱ्यावर एक प्राणिशास्त्र संशोधन केंद्र आहे. बोव्हेरी १८८८ पासून तिथे जात असत. १९०१-०२ च्या हंगामात पतिपत्नी दोघंही तिथे कामाला बसली. प्राणी होता सी अर्चिन, समुद्राच्या तळाशी राहणारा, अंगभर काटे असलेला चेंडूसारखा जीव. त्याच्या अंड्यात १८ गुणसूत्रं, शुक्रपेशीत १८, एकूण ३६. बोव्हेरींनी अंड्यांवर मुद्दाम जास्त शुक्रपेशी सोडल्या, म्हणजे काही अंड्यांत एकाऐवजी दोन शिरल्या. आता गुणसूत्रं झाली १८ च्या तीन पट, ५४. आणि प्रत्येक शुक्रपेशी ओढणारे ठिपके घेऊन येते, म्हणून दोन बाजूंऐवजी चार बाजू तयार झाल्या. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची जोडी होते, म्हणजे १०८ वाटे, आणि घेणारे चार. सरासरी प्रत्येकाला २७. पण ओढणाऱ्यांत कसलीच शिस्त नाही. ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. एखाद्या पेशीला पाचवं गुणसूत्र तीन वेळा मिळेल आणि नववं मिळणारच नाही.

चार पेशी झाल्या की बोव्हेरी अंडं कॅल्शियम नसलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवत. त्या पाण्यात पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. मग चारही पेशी वेगळ्या वाढवून पाहायच्या. त्या चौघी सारख्या वाढल्या नाहीत. एक लवकर मेली, दुसरी थोडी पुढे जाऊन थांबली, तिसरीचा आकार बिघडला. एकाच अंड्याच्या चार पेशी, आणि प्रत्येकीचं नशीब निराळं.

त्यांनी आणखी एक युक्ती केली. अंडी योग्य वेळी हलवली तर काहींमध्ये चार ऐवजी तीनच ओढणाऱ्या बाजू तयार होत. वाटेकरी कमी झाले की प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण संच येण्याची शक्यता वाढते. ही शक्यता किती, हे काढायला बोव्हेरींनी आकडे घातलेल्या छोट्या लाकडी गोळ्या घेतल्या, मिसळून पसरल्या आणि भाग पाडून मोजत बसले. विद्यापीठातला एवढा मोठा प्राध्यापक लहान मुलासारखा गोट्या मोजतोय, हे चित्र मला फार आवडलं. मोजणीतून जे अपेक्षित होतं तेच अंड्यांत दिसलं. तीन वाटेकरी असलेल्या अंड्यांतून बऱ्यापैकी धडधाकट अळ्या निघत, चार वाटेकऱ्यांच्या अंड्यांतून जवळपास नाहीच.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष १९०२ साली छापून आला. गुणसूत्रं एकसारखी नसतात, प्रत्येकाचं काम वेगळं असतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. सी अर्चिनची अळी नुसत्या १८ गुणसूत्रांवरही वाढू शकते, पण तो १८ चा संच पूर्ण असेल तर. २७ गुणसूत्रं असूनही संचातलं एखादं नसेल तर ती वाढत नाही. म्हणजे प्रश्न नुसता कमी-जास्तीचा नाही, संच पुरा आणि प्रमाणात असण्याचा आहे. मेंडेल या मठवासी धर्मगुरूचे विसरलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० सालीच पुन्हा उजेडात आले होते. अमेरिकेत वॉल्टर सटन या तरुणानं नाकतोड्यांच्या पेशी पाहून तेच सांगितलं. मेंडेलचे नियम गुणसूत्रांवर चालतात या सिद्धान्ताला आज सटन आणि बोव्हेरी या दोघांचं नाव आहे.

हे बिघडलेले गर्भ पाहत असतानाच त्यांना एक वेगळीच शंका आली. बर्लिनचे हान्सेमान नावाचे रोगतज्ज्ञ होते. त्यांनी १८९० मध्येच लिहिलं होतं की कॅन्सरच्या गाठींमध्ये पेशींची विभाजनं वेडीवाकडी दिसतात. बोव्हेरींनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. चुकीच्या वाटणीतून निघालेल्या बहुतेक पेशी मरतात, पण लाखांतली एखादी अशी निघाली की जिला थांबणं माहीतच नाही, तर? १९०२ च्या निबंधात त्यांनी याचा थोडक्यात उल्लेख केला. डॉक्टरमंडळींनी तो मनावर घेतला नाही. हा प्राण्यांची अंडी पाहणारा माणूस, याला रोग्यांतलं काय कळतं?

१९१२ मध्ये त्यांना फार मोठा मान चालून आला. बर्लिनमध्ये नव्यानं निघणाऱ्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे पहिले संचालक व्हावं, अशी विचारणा झाली. त्यांनी संस्थेची आखणी करून दिली, कोणाला घ्यावं तेही सुचवलं. त्यात त्यांचेच जुने विद्यार्थी हान्स स्पेमान होते, ज्यांना पुढे १९३५ चं नोबेल मिळालं. पण तब्येत साथ देईना. १९१३ मध्ये त्यांनी ते पद नाकारलं आणि वुर्झबर्गलाच राहिले. अंगातली उरलीसुरली शक्ती त्यांनी एका छोट्या पुस्तकासाठी वापरली. १९१४ साली ते प्रसिद्ध झालं, घातक गाठी कशा निर्माण होतात या विषयावर.

त्या पुस्तकातलं धाडस आज वाचताना कळतं. गाठ एका पेशीपासून सुरू होते, त्या पेशीच्या गुणसूत्रांचा मेळ बिघडलेला असतो, काही घटक वाढीला रेटतात तर काही आवर घालतात, आणि आवर घालणारा गेला की पेशी मोकाट सुटते, असं त्यांनी मांडलं. मेळ बिघडवणारी कारणं बाहेरूनही येऊ शकतात, त्यांत रसायनंही आली. ही कल्पना हवेतली नव्हती. त्यांचे गुरू रिचर्ड हर्टविग आणि हर्टविग यांचे भाऊ ऑस्कर यांनी १८८७ मध्येच सी अर्चिनच्या अंड्यांवर क्विनीन, निकोटीन, मॉर्फिन वगैरे घालून पाहिलं होतं, आणि त्या अंड्यांत एकापेक्षा जास्त शुक्रपेशी शिरून विभाजन बिघडलं होतं. पण कॅन्सरबाबतचा पुरावा स्वतःच्या हातात नाही, हे बोव्हेरी विसरले नाहीत. आपण तर्क मांडतोय, सिद्धान्त नाही, हे त्यांनी वाचकांपासून लपवलं नाही. मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त आदर इथे वाटला. खात्री नसताना खात्रीचा आव आणला नाही, आणि लोक हसतील म्हणून गप्पही बसले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. ५३ वा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. बाहेर पहिलं महायुद्ध पेटलं होतं, पुस्तकाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. त्याच वर्षी जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळचोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला. रसायनानं कॅन्सर होतो याचा तो प्रयोगशाळेतला पहिला पुरावा. बोव्हेरी तो पाहायला राहिले नाहीत.

पुस्तक मात्र राहिलं, ते मार्सेलांमुळे. त्या अमेरिकेला परतल्या आणि न्यू हेवन शहरात डॉमिनिकन सिस्टरांनी नुकत्याच काढलेल्या अल्बर्टस मॅग्नस कॉलेजात विज्ञान शिकवू लागल्या. आपल्या कॉलेजसारखंच ते एक ख्रिस्ती संस्थेचं कॉलेज. तिथेच साठी ओलांडलेल्या मार्सेलांनी नवऱ्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं. १९२९ मध्ये ते छापून आलं आणि बोव्हेरींचा तर्क जर्मनीबाहेर वाचला जाऊ लागला. भाषांतर हा आपल्या अभ्यासक्रमातला एक पेपर आहे. त्याची ताकद काय असते हे मला इथे दिसलं.

पुढची गोष्ट अशी, की माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हेच जगाला १९५६ साली नीट कळलं. त्जिओ आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये ती मोजली. मोजण्यासाठी पेशी विभाजनाच्या मध्यावर थांबवायला हवी होती. त्यासाठी त्यांनी वापरलं कोल्चिसीन. हे रसायन ओढणारे तंतूच बनू देत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी लाल-पिवळ्या फुलांची कळलावी असते ना, तिच्या कंदात हेच विष आहे. १९५९ मध्ये पॅरिसहून बातमी आली की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रं असतात. सी अर्चिनमध्ये जे दिसलं होतं, ते माणसात सापडलं. पुढे कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्येही गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळली.

आज नवं औषध बाजारात यायच्या आधी ते गुणसूत्रांना धक्का लावतं का, हे तपासावंच लागतं. एक चाचणी मैत्रिणीनं मला समजावून सांगितली. माणसाच्या रक्तातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवतात आणि त्यात रसायन घालतात. विभाजनात एखादं गुणसूत्र मागे राहिलं तर मुख्य केंद्रकाशेजारी त्याचं एक बारकं केंद्रक बनतं, त्याला मायक्रोन्यूक्लियस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती बारकी केंद्रकं मोजायची. मग खास रंग देऊन पाहायचं की त्यात गुणसूत्राचा मधला सांधा आहे का. सांधा असेल तर अख्खं गुणसूत्र सुटलं, म्हणजे रसायनानं तंतू बिघडवले. नसेल तर गुणसूत्राचा तुटका तुकडा. चाचणी नीट चालते ना, हे पाहायला एका भांड्यात ओळखीचं विष घालतात. कोल्चिसीन, नाहीतर आपल्या दारातल्या सदाफुलीतून मिळणारं व्हिनब्लास्टिन. हेच व्हिनब्लास्टिन कॅन्सरवरचं औषधही आहे, कारण बेलगाम वाढणाऱ्या पेशींची विभाजनं ते रोखतं. तंतू बिघडवणारी रसायनं साधारणपणे ठराविक मात्रेच्या वर गेल्यावरच घात करतात, म्हणून नुसतं नाव ऐकून घाबरायचं नसतं, मात्राही मोजायची असते.

हे सगळं वाचून मी मावशीकडे गेले. तिला सांगितलं की बाईच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यांचं विभाजन तिथेच सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबून राहतं, वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. इतका काळ थांबलेली वाटणी पुन्हा सुरू होताना कधी कधी चुकते, आणि वय वाढतं तशी ही चूक वाढते. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा जास्तीचं गुणसूत्र असंच आलेलं असतं. आईनं दिवस राहिल्यावर घेतलेल्या गोळ्यांमुळे हे होतं, असा पुरावा नाही. शिवाय तिनं गोळ्या घेतल्या तेव्हा तो ४७ चा आकडा बहुधा ठरून गेलेला होता.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग कपाटातून तो जुना रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला आणि त्यातली छोटी छोटी चित्रं कोणती, ते दाखवायला सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून ती एकेक करून मोजली. मावसभाऊ शेजारी येऊन बसला आणि तोही मोजायला लागला.